मागण्याआधी आभार

लाइपझिग, जर्मनी

ती. आईस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

नौपाड्यातील आपली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केल्यापासून तुझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, असे बाबांकडून कळले. बिल्डरकडून भाड्याचे पैसे दर महिन्याला वेळेवर येतील का, नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत बाबांची प्रकृती साथ देईल का, हे तुझे प्रश्न खरे आहेत आणि ‘देवावर सोड’ एवढे म्हणून ते बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

तरी एक गोष्ट मनापासून लिहिते. चिंता करू नका, असे प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला पत्रात लिहिले तेव्हा तो स्वतः बंदिवासात होता. मागणे थांबवा, असे त्याने सांगितले नाही; प्रत्येक मागणी आभारासह देवापुढे ठेवा, असे सांगितले. पाच हजारांचा समुदाय समोर आणि हाती पाच भाकरी व दोन मासे असताना प्रभूने आधी उपकारस्तुती केली, लोक तृप्त झाले ते नंतर. आणि ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्रीही भाकर हाती घेऊन त्याने आभारच मानले. आपल्या विश्वासात मला सर्वांत जास्त धीर येथेच मिळतो.

येथून जवळ आयलेनबुर्ग नावाचे गाव आहे. तीस वर्षांचे युद्ध चालू असताना १६३७ साली तेथे प्लेग आला. मार्टिन रिंकार्ट या पाळकांना हजारो माणसांचे दफनविधी करावे लागले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नीही वारली. त्यांनी भोजनाच्या वेळी म्हणण्यासाठी लिहिलेली छोटीशी आभारप्रार्थना आज येथील चर्चमध्ये मोठे गीत म्हणून गातात. ऑक्टोबरमधील कापणीच्या उपासनेत वेदीपुढे भोपळे, बटाटे आणि गव्हाच्या पेंढ्या मांडलेल्या पाहून मला आपल्या मंडळीतील हंगामाचा सण आणि तुझी नारळ-केळ्यांची टोपली आठवली.

मी रोज रात्री जेवणानंतर त्या दिवसाचे उपकार वहीत लिहिते. ‘सगळ्यासाठी आभार’ असे मोघम लिहिले तर मन पुन्हा काळजीकडेच वळते, म्हणून नेमके लिहावे. तुमच्याकडचेच बघ: भाड्याच्या घराच्या मागच्या खिडकीतून दुपारी वारा येतो. शेजारच्या काकू खास रिक्षा करून, फडक्यात गुंडाळलेल्या गरम भाकऱ्या घेऊन आल्या. बाबांची साखर या वेळी आटोक्यात निघाली. हे तूच मला फोनवर सांगितलेस, पण बोलता बोलता, भाड्याच्या विषयात मध्येच. तेच प्रार्थनेत आधी घे, मग भाड्याचे माग. काळजी लगेच जाईल असे मी म्हणत नाही. मात्र तिच्याखाली दडलेले उपकार तुला दिसू लागतील.

रविवारी फोन करीन तेव्हा कौटुंबिक प्रार्थनेत आधी बाबांनी आणि मग तू आठवड्याचे उपकार सांगावेत, त्यानंतर आपण घराविषयी बोलू. बाबांना करारनाम्याच्या सर्व पानांचे फोटो मला पाठवायला सांग. भाड्याच्या तारखांवर मी येथून लक्ष ठेवीन.

बाबांना सलाम.

तुझी,
थोरली