उपग्रहांची वाहतूक कोण सांभाळतं?

महोदय,

बारावीचा निकाल लागला की आमच्या खानापुरात विषय दोनच : डॉक्टर नाहीतर इंजिनीअर. परवा चहा गाळता गाळता भाचीने विचारलं, "मामा, उपग्रह एकमेकांवर आदळू नयेत हे कोण बघतं?" मी गप्प. नंतर वाचलं. १० फेब्रुवारी २००९ला अमेरिकी कंपनीचा उपग्रह इरिडियम-३३ आणि रशियाचा निकामी उपग्रह कॉसमॉस-२२५१ सायबेरियाच्या वर अंतराळात एकमेकांवर धडकले, हजारो तुकडे झाले. अशी धडक आधीच हेरून आपला उपग्रह जरासा सरकवायचा, हे काम इस्रोचे लोक बंगळुरात करतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीची वाट! गणित-भौतिकशास्त्र पक्कं हवं, ते आमच्या मराठी शाळांतल्या पोरांचं आहेच. आपल्या करिअर पुरवणीत यावर एकदा सविस्तर लिहा.

– एक मामा, खानापूर (जि. बेळगाव)