बाबा, तुमचा कान खरा होता

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, गाडी दुरुस्त झाली. डायनामो, म्हणजे बॅटरी भारणारं यंत्र, बदलावा लागला नाही, खाली उतरवावाही लागला नाही. तो होता तिथेच ठेवून फक्त त्याची पट्ट्यावर फिरणारी पुढची पुली बदलली. हे मी फोनवरही सांगितलं असतं. पण बाबा, मला तुमची माफी मागायची आहे, आणि ती फोनवर नीट मागता आली नसती.

गणपतीला घरी आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "गाडी बंद केल्यावर मागाहून काहीतरी घरघरतंय." मी बोनेट उघडून पाहिलं, इंजिन चालू ठेवून ऐकलं, काही वेगळं वाटलं नाही. मग आईसमोरच म्हणाले, "बाबा, आता तुमचे कान तपासायला हवेत." तुम्ही काही बोलला नाहीत, ओसरीवर जाऊन बसलात. तो क्षण मला गेले दोन महिने टोचतोय. खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात तुम्ही भट्टीतून निघालेलं एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून बाजूला ठेवायचात. खणखणीत वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की आत चीर. लहानपणी मी तुमच्या शेजारी बसून ओळखायचा प्रयत्न करायचे, मला दहातली चार चुकायची. त्या कानावर मी शंका घेतली.

गाडी इकडे आणल्यावर एका गॅरेजात दाखवली होती. तिथल्या मेस्त्रीने दोन मिनिटं ऐकून सांगितलं, डायनामोच गेलाय, अख्खा नवा घाला. पुलीच्या कितीतरी पट खर्चाचं काम. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. शनिवारी रात्री मात्र गल्लीतले माग बंद होते, सगळं शांत होतं. गाडी अंगणात लावली, चावी बंद केली, आणि सहज बसून राहिले. इंजिन थांबलं आणि त्यानंतर दोनतीन सेकंद घर्रर्र असा आवाज येऊन विरला. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. पुन्हा तेच. तुम्ही म्हणाला होतात तसंच, बंद केल्यावर. मी तेव्हा चालू इंजिनाजवळ कान लावून बसले होते. तुम्ही सांगितलेलं अर्धंच ऐकलं होतं मी.

हा आवाज बंद केल्यावरच का येतो ते सांगते. आपल्या गाडीच्या डायनामोची पुली म्हणजे नुसता लोखंडी गोळा नाही. तिच्या पोटात सायकलच्या फ्रीव्हीलसारखी रचना आहे. पायडल मारायचं थांबवलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं ना, तसंच. डिझेल इंजिन एकसारखं फिरत नाही. प्रत्येक स्फोटाला झटका देतं आणि दोन झटक्यांच्या मध्ये किंचित रेंगाळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला असे दोन झटके. गाडी उभी असून इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असलं तरी सेकंदाला सव्वीस-सत्तावीस झटके बसतात. डायनामोच्या आत फिरणारा गाभा जड असतो आणि इंजिनाच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो. तो असा क्षणात हळू, क्षणात जोरात होऊ शकत नाही. पुली साधी असेल तर ही सगळी ओढाताण पट्ट्यावर येते, पट्टा फडफडतो, त्याला ताणून धरणारा टेन्शनर थरथरतो. फ्रीव्हील असली की इंजिन रेंगाळतं तेव्हा गाभा आपल्या वेगाने पुढे फिरत राहतो, पट्ट्याला कळतही नाही. चावी बंद केली की इंजिन लगेच थांबतं, पण गाभा अजून फिरतच असतो. त्या वेळी पुलीच्या आतलं बेरिंग एकटंच आवाज करत असतं, आणि ते झिजलेलं असेल तर घरघरतं. इंजिन चालू असताना तोच आवाज त्याच्या गोंगाटात बुडून जातो.

सकाळी कामाला लागले. आई, तुला काळजी वाटेल म्हणून आधीच सांगते, मी नुसत्या जॅकवर विसंबले नाही. हॅन्डब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडीखाली लोखंडी स्टँड ठेवला, मगच हात आत घातला. त्याही आधी बॅटरीची ऋण तार काढून ठेवली. डायनामोवर येणारी जाड तार बॅटरीला थेट जोडलेली असते, चावी बंद असली तरी तिच्यात वीज असते. पान्हा तिला आणि गाडीच्या अंगाला एकदम लागला तर ठिणग्या उडतात.

पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लास्टिकचं आच्छादन काढल्यावर पट्ट्याची बाजू समोर आली. जांबोटीच्या रस्त्याचा लाल चिखल तिथे थरावर थर वाळून बसला होता. ब्रशने तो काढण्यातच अर्धा तास गेला. मग पट्टा कुठल्या पुलीवरून कसा गेलाय त्याचा फोटो घेतला आणि टेन्शनर पान्ह्याने वळवून पट्टा सैल केला.

आता खरी परीक्षा. डायनामोच्या जाळीतून बोथट लाकडी पट्टी घालून आतला पंखा अडवला आणि पुली हाताने फिरवली. इंजिन फिरतं त्या दिशेला ती अडकायला हवी, उलट दिशेला मोकळी फिरायला हवी. पहिली दिशा ठीक होती. उलट दिशेला मात्र जात्यात खडा आल्यासारखी खरखरली आणि मध्येच धरू लागली. मग लाकडी पट्टी काढून गाभाच हाताने फिरवून पाहिला. तो गुळगुळीत फिरत होता, हलत-डुलत नव्हता. हे पाहणं गरजेचं होतं. गाभ्याचं बेरिंगच गेलेलं असतं तर नुसती पुली बदलून उपयोग नव्हता, आणि त्या मेस्त्रीचं म्हणणं खरं ठरलं असतं.

डायनामो जागेवर ठेवायचं ठरवण्याआधी पुलीची जाडी मोजली आणि तिच्यासमोर चासीपर्यंत किती मोकळी जागा आहे तेही मोजलं. बोटभर जागा जास्त निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. ती नसती तर डायनामो उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उतरवायचा म्हणजे त्याचे लांब बोल्ट काढायचे, आणि इतके पावसाळे खाल्लेले ते बोल्ट सरळ निघाले नसते. एखादा आतच तुटला असता तर काम आठवड्यावर गेलं असतं.

ही पुली साध्या पान्ह्याने निघत नाही. तिच्या तोंडाशी आतून ३३ दात असतात. त्यांत बसणारं सॉकेट लागतं आणि त्याच्या मधून डायनामोच्या दांड्याचं टोक धरून ठेवणारा बिट. आपल्या गाडीला टी-५० चा ताराकृती बिट बसला. दांडा धरल्याशिवाय पुली सुटत नाही. नुसती पुली फिरवली तर फ्रीव्हील मोकळी फिरते किंवा सगळा गाभाच सोबत फिरू लागतो. मी बिट धरून ठेवला आणि सॉकेटवर रिंग पान्हा लावून घड्याळाच्या उलट दिशेने जोर दिला. हलेना. गाडी चालते तेव्हा पट्टा पुलीला तिच्या आट्यांवर घट्टच करत असतो, वर्षानुवर्षं. पान्ह्याला पाइप जोडला, पाय रोवले, आणि कट् असा आवाज आला. क्षणभर वाटलं काहीतरी मोडलं. पण आटे सुटले होते, मग पुली बोटांनी निघाली. (शेजारच्या काकांना पुढे कधी हे काम करायचं असेल तर त्यांना सांगा, काही गाड्यांत आटे उलटे असतात. आधी बघितल्याशिवाय जोर लावू नये.)

नवी पुली आधी हाताने चढवली, आटे चुकू नयेत म्हणून. मग कंपनीतून मागून आणलेल्या टॉर्क पान्ह्याने ८० न्यूटन-मीटरला आवळली. दिवसभर उद्यमबागेत दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी मापं तपासते, आज तोच पान्हा आपल्या गाडीसाठी हातात होता, याचं मला फार बरं वाटलं. शेवटी तोंडावर नवी प्लास्टिकची टोपी दाबून बसवली. बाबा, ही टोपी लहान आहे पण महत्त्वाची आहे. जुन्या पुलीची टोपी कधी गळून पडली देव जाणे. लाल चिखल आणि पाणी तिथूनच आत गेलं असावं असं मला वाटतं. पट्टा बसवून गाडी चालू केली, दिवे आणि एसी लावून बॅटरीवर मीटर धरला. १४.२ व्होल्ट. टेन्शनर स्थिर. चावी बंद केली. काही नाही.

तेव्हा आता गाडी विकायचा विषय बंद करा. आई, तू म्हणालीस "विकून टाकूया की, बस हाय की जांबोटीवरनं," पण बाबांच्या रक्तदाबाच्या तपासणीला दर महिन्याला बेळगावला यायचं, आणि पावसात स्टँडवर तास-तास उभं राहायचं, हे मला मान्य नाही. भातकापणी संपेपर्यंत गाडी माझ्याकडेच राहू दे, रोज चालवून खात्री करून घेते. नंतर धुताना मात्र पाण्याचा जोराचा फवारा उजव्या पुढच्या चाकाच्या आत मारू नका.

पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते. सोबत कुंदा आणते. बाबांना एक छोटा तुकडाच, आई. जुनी पुली फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, तीही आणते. बाबा, ती तुम्ही हातात धरून फिरवा आणि कुठे धरते ते मला सांगा. मग अंगणात या. मी चावी बंद करते, तुम्ही ऐका.

तुमची,
धाकटी