आईची खोली कापडांनी सजवायला शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

नजर मंदावल्यानंतर आई आमच्याकडे कायमची राहायला आली आणि तिच्यासाठी घरातली मागची खोली तयार करायचे ठरले. त्या कामात तुम्ही जी मदत केलीत तिच्याबद्दल तोंडी आभार मानण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला, पण दर वेळी तुम्ही हसून विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते कोणालाही वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे. कारण तुम्ही आम्हाला जे दाखवलेत ते आमच्या एका खोलीपुरते राहू नये असे मला मनापासून वाटते. ज्या घरात जुन्या कपड्यांचे गाठोडे आहे आणि ज्यांना आपल्या माणसाची झोपायची खोली स्वतःच्या हातांनी सजवायची आहे, त्या प्रत्येक घराला याचा उपयोग होईल.

खोली पाहायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही पडद्यांचे नमुने आणि सजवलेल्या खोल्यांची छायाचित्रे तुमच्यासमोर मांडली होती. तुम्ही ती आदराने पाहिलीत, नीट एकत्र करून बाजूला ठेवलीत आणि आईजवळ जाऊन बसलात. रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते, उठताना हात कुठे टेकतो, थंडी आधी पायांना वाजते की खांद्यांना, अंगावर जड पांघरूण बरे वाटते की हलके, असे एकेक तुम्ही तिला विचारत गेलात. झोपायच्या खोलीची सजावट तिथे झोपणाऱ्या माणसाच्या अंगापासून सुरू करायची असते, हे तुम्ही एकदाही शब्दांत सांगितले नाहीत. पण पुढचा प्रत्येक निर्णय तुम्ही त्याच धोरणाने घेतलात.

भिंत फिकट, चादर फिकट आणि उशीही फिकट असल्यामुळे आईला पलंगाची कड दिसतच नव्हती, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. कमी दिसणाऱ्या माणसाला रंगांच्या नाजूक छटांपेक्षा फिकट आणि गडद यांतला ठळक फरक अधिक उपयोगी पडतो, हे तुम्ही समजावून सांगितलेत आणि पलंगपोसाच्या चारही कडांना गडद निळ्या कापडाचा रुंद गोट लावायला लावलात. तेव्हापासून आई पलंगावर बसताना चाचपडत नाही. पलंगपोस जमिनीपर्यंत लोंबू द्यायचा नाही, गादीच्या खाली चार बोटे उतरला की पुरे, हाही तुमचाच आग्रह होता, कारण रात्री अंधारात उठणाऱ्या माणसाचा पाय लोंबत्या कापडात अडकतो.

मग आईसाठी गोधडी शिवायला आपण तिच्या आणि बाबांच्या जुन्या कपड्यांचे गाठोडे सोडून बसलो. त्या कामाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या सजावटीचा पाया तिथेच घातला गेला. तुम्ही प्रत्येक साडी आणि बाबांचा प्रत्येक सदरा खिडकीतल्या उजेडासमोर धरलात. जिथे वीण विरळ होऊन उजेड थेट आरपार येत होता तो भाग खडूने आखून वगळलात, आणि उरलेले कापड दोन्ही हातांत धरून आधी उभे, मग आडवे हलकेच ताणून पाहिलेत. नव्या जाड कापडाशेजारी झिजलेले मऊ कापड जोडले तर धुताना आणि पांघरताना सगळा ताण मऊ कापडावर येतो आणि ते शिवणीलगत फाटते; म्हणून तुम्ही कपड्यांचे रंगांनुसार गट न करता वजनानुसार गट केलेत. त्यानंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक गडद कापड घासून त्याचा रंग उतरतो का ते पाहिलेत. मीठ किंवा व्हिनेगर टाकले की रंग पक्का होतो असे मी ऐकून होते. बाजारात मिळणाऱ्या रंगीत कापडावर त्याचा भरवसा धरता येत नाही, रंग जातच असेल तर ते कापड पुन्हा पुन्हा धुऊन पाहावे आणि तरीही थांबला नाही तर त्याला गोधडीत घेऊच नये, असे तुम्ही स्पष्टपणे सांगितलेत. गोटासाठी आणलेले नवे सुती कापडही कापण्यापूर्वी धुऊन घेतलेत. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इतके आटू शकते, आणि शेजारचे जुने कापड मात्र कधीच आटून बसलेले असते.

त्या गठ्ठ्यात आईची एक रेशमी साडी होती. ती गोधडीच्या मध्यभागी यावी अशी आम्हा सगळ्यांची इच्छा होती. तुम्ही ती उलगडलीत, घड्यांवर बोट फिरवून रेशीम तिथे चिरू लागल्याचे आम्हाला दाखवलेत आणि कात्री मिटून ठेवलीत. जे कापड रोजची हाताळणी सोसणार नाही ते आठवणीसाठी म्हणून कापू नये, असे तुमचे मत होते. आज ती साडी धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात ठेवली आहे, घडी न घालता. काही गोष्टी अखंड राहू देण्याचे तुमचे हे भान मला तुमच्या शिवणकामाइतकेच मोठे वाटते.

बाबांच्या सदऱ्यांच्या बाबतीत तुम्ही नेमके उलट केलेत. खिसा उसवल्यावर त्याखालचे कापड मूळच्या गडद रंगाचे निघाले आणि भोवती टाक्यांच्या भोकांची बारीक चौकोनी रेघ उरली. तो भाग कापून टाकावा असे मी सुचवले, तेव्हा तुम्ही अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील स्त्रियांच्या गोधड्यांबद्दल सांगितलेत. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली आपल्या दिवंगत पतीचे शेतात वापरलेले कपडे जोडून पांघरूण शिवले होते. झिजलेल्या आणि विटलेल्या कामाच्या कपड्यांतून घडलेल्या त्या वस्तीच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क इथल्या मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. कपडा अंगावर झिजल्याची खूण म्हणजे दोष नव्हे, एवढे सांगून तुम्ही तो खिशाचा चौकोन तसाच वरच्या बाजूला, आईचा उजवा हात सहज पोहोचेल तिथे लावलात. आईला तो गडद चौकोन दिसत नाही, पण बोटांना भोकांची रेघ लागते आणि ती त्यावर हात ठेवून झोपते. त्याबद्दल तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे मला खरोखर सुचत नाही.

तुकड्यांची मांडणी करताना तुम्ही आम्हाला पलंगापासून दूर उभे केलेत आणि डोळे किलकिले करून पाहायला सांगितलेत, म्हणजे नक्षी पुसट होते आणि फिकट-गडद यांचा तोल तेवढा उरतो. धाकटीने फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढून तीच परीक्षा केली, तेव्हा तुम्हाला झालेला आनंद मला आठवतो. निवडलेले लाल आणि हिरवे तुकडे त्या छायाचित्रात एकसारखे राखाडी दिसले. आईच्या नजरेलाही ते तसेच एकमेकांत मिसळले असते. तेवढे दोन-तीन तुकडे बदलताच मांडणी उठून दिसू लागली.

शिवणकामात तुम्ही घाई केली नाहीत आणि आम्हालाही करू दिली नाहीत. सगळ्या जोडांना पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचे कापड, आणि ती सर्वत्र सारखीच. कारण एका जोडात दोराभर झालेला फरक दहा जोडांनंतर बोटभर होतो. आत कापसाऐवजी जुन्या मऊ चादरींचे थर घातलेत, म्हणजे पांघरूण धुता येईल, लवकर वाळेल आणि आत गोळे होणार नाहीत. तिन्ही थर जमिनीवर अंथरून मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढल्यात, सेफ्टी पिनाही मधूनच लावायला सुरुवात केलीत आणि धावदोराही मधूनच बाहेर नेलात. कडेकडून आत शिवत आलो तर हवा आणि जास्तीचे कापड मध्यभागी अडकते आणि तिथे कायमचा फुगवटा राहतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

तुमचा दोरा संपवण्याचा प्रकार मी अजून रोज मनाशी घोकते. दोऱ्याला अगदी कापडाजवळ छोटी गाठ मारायची, सुई वरच्या थरातून आत घालून बोटभर अंतरावर बाहेर काढायची आणि दोरा हलका झटका देऊन ओढायचा; गाठ टप्पकन वरच्या कापडाखाली शिरते आणि आतल्या थरात अडकून बसते. वरून काही दिसत नाही, हाताला काही टोचत नाही. ज्या पांघरुणावर आई दिवसभर हात फिरवणार होती त्यावर एकही गाठ बाहेर राहता कामा नये, याबद्दल तुम्ही किती काटेकोर होतात! मात्र डोक्याकडच्या काठावर गाठीच्या टाक्यांची एक उठावदार ओळ तुम्ही मुद्दाम काढलीत, म्हणजे पांघरुणाची वरची बाजू कोणती हे आईला अंधारातही कळावे. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, न घालता शिवणाऱ्या आम्हा दोघींची बोटे पाहून तुम्ही स्वतःचे अंगुस्तान माझ्या बोटात घातलेत, ते अजून माझ्याकडेच आहे.

बाकीच्या खोलीबद्दल थोडक्यात लिहिते. पडद्यांसाठी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्यायला लावलेत, त्यामुळे ते ओढून घेतल्यावरही चुण्या राहतात. आणि दांडी खिडकीहून दोन्ही बाजूंना वीतभर लांब बसवून घेतलीत, त्यामुळे पडदे बाजूला सारले की काच पूर्ण मोकळी होते आणि आईला हवा असलेला उजेड अडत नाही. पडद्यांना अस्तर लावल्याने ऊन थेट मूळ कापडावर पडत नाही. उशीच्या अभ्र्यांवरचा कशिदा तुम्ही मधोमध न काढता कडेला काढलात, कारण गालाखाली टाके रुततात. पलंगाशेजारी हाताने विणलेली सतरंजी हवी होती, तिला तुम्ही खाली न घसरणारे जाळीदार अस्तर घातल्याशिवाय परवानगी दिली नाहीत. उरलेल्या तुकड्यांची छोटी भिंतगोधडी झाली; तिच्या मागे पूर्ण रुंदीचा नेफा शिवून त्यातून दांडी घातलीत, म्हणजे तिचे वजन दोन कोपऱ्यांवर न येता सगळीकडे सारखे वाटले जाते. ती खिडकीसमोरच्या भिंतीवर शोभली असती हे खरे, पण तिथे दुपारचे ऊन येते आणि उन्हाने रंगही विटतो, धागाही कमकुवत होतो. म्हणून ती दाराजवळच्या सावलीच्या भिंतीवर आहे. खोलीत शिरताना आई तिच्यावर हात टेकते, हा त्या जागेचा फायदा आम्हाला नंतर कळला.

काकू, तुम्ही आमच्याकडून काही घेतले नाहीत. त्याहून अधिक म्हणजे, सगळे काम तुम्ही एकटीने दोन-चार बैठकींत उरकू शकला असतात, तरी तुम्ही ते आमच्या हातांनी होऊ दिलेत. आईच्या हातातही तुम्ही सुई दिलीत. ओवलेल्या सुया पुठ्ठ्यावर ओळीने लावून ठेवायच्या आणि शिवायच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे पट्टीच्या कडेला बोट टेकवून तिला टाके घालता येतील, ही तुमचीच युक्ती. ते टाके कुठे लांब, कुठे आखूड आले आहेत. तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत, आणि पलंगपोसाच्या पायाकडच्या काठावर ते आज जसेच्या तसे आहेत. दुसऱ्याच्या घरात आपल्यामुळे अडचण होते, असे म्हणणारी आई त्या दिवसापासून या खोलीला ‘माझी खोली’ म्हणू लागली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही गोधडी थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतो, पिळत नाही, सावलीत सपाट पसरून वाळवतो. वापरात नसेल तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता सुती खोळीत ठेवतो आणि दर वेळी घडी वेगळ्या ठिकाणी घालतो, म्हणजे एकाच रेघेवर कापड झिजत नाही.

आता आईला उन्हाळ्यासाठी एक पातळ, दोनच थरांचे पांघरूण हवे आहे. कापड निवडून, धुऊन आणि वजनानुसार लावून ठेवले आहे. उजेडासमोर धरून पाहण्याचे काम मात्र तुमच्यासाठी राखले आहे. तुम्हाला सवड असेल तेव्हा या. तुमचे अंगुस्तानही तेव्हाच परत देईन.

आईने तुम्हाला मनापासून नमस्कार सांगितला आहे.

तुमची ऋणी,
मागच्या खोलीतल्या आजींची लेक