तंबाखू नको म्हटलं, तर 'एफएमसीजी' दाखवली

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नैतिक गुंतवणुकीवरचा, म्हणजे वाईट धंदे टाळून पैसे लावण्यावरचा, लेख वाचला. लेखकाचा अभ्यास आहे, पण म्युच्युअल फंड घ्यायला ते स्वतः कधी बँकेच्या काउंटरवर गेले असतील असं वाटत नाही. मी गेलो होतो, दिवाळीनंतर.

माझ्या थोरल्या भावाचा गालाचा कॅन्सर परळला टाटामध्ये निघाला. अर्धा जबडा काढला. पुढचे सात महिने नाकातल्या नळीतून पेज, तीही मिक्सरमधून दोनदा फिरवून वहिनी द्यायची. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचा. एकदा लिहिलं, "डबी कुठाय?" दोन झाकणांची पितळी डबी, एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. त्यामुळे माझी मागणी साधी होती: पैसे कुठेही लावा, तंबाखूत नको.

काउंटरवरच्या मुलीने मोबाइलवर एक फंड दाखवला. चष्मा लावून त्यातल्या कंपन्यांची यादी वाचली, तर पाचव्या ओळीत सिगारेटवाली कंपनी. म्हटलं, हे काय? "काका, ती डायव्हर्सिफाइड एफएमसीजी आहे, म्हणजे रोजच्या वापराच्या निरनिराळ्या वस्तूंची कंपनी. बिस्किटं, आटा, वह्या पण करते." खरंच करते. आमच्या घरात आटा त्यांचाच आहे. पण मी बिस्किटांबद्दल विचारलं नव्हतं.

मग ईएसजी फंड निघाला, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२३ मध्ये या फंडांचे सहा प्रकार केले, हे तुमच्याच लेखात आहे. त्यातला एकच प्रकार नावानिशी 'वगळणारा', म्हणजे ठरावीक धंदे घेतच नाही असा. 'बेस्ट इन क्लास' म्हणजे त्या-त्या धंद्यातल्यांपैकी त्यातल्या त्यात बरा. वर्गात सगळेच नापास झाले तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच. यातला माझा प्रकार कोणता, असं विचारल्यावर मुलीने ब्रोशर दिलं. इंग्रजीत, मुखपृष्ठावर हिरवं पान.

नॉर्वेचं कौतुकही वाचलं. त्यांच्या सरकारी फंडाने तंबाखू कंपन्यांचे शेअर विकून टाकल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, छान केलं. फंडातला पैसा समुद्रातल्या तेलाचा, हे लेखात एका वाक्यात उरकलंय. आणि आपल्याकडे? आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचा, म्हणजे त्याच सिगारेटवाल्या कंपनीचा, १५ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा ठेवू नये म्हणून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. लेखात तिचा उल्लेखही नाही. पॉलिसी माझ्याही आहेत, दोन. म्हणजे भावाला डबी सोड म्हणून ओरडत होतो आणि हप्ता वेळेवर भरत होतो.

आता तुमच्याबद्दल. ज्या पुरवणीत हा लेख आला, तिच्या शेवटच्या पानावर अख्खं पान इलायचीची जाहिरात आहे. हिरो हसतोय, हातात चकचकीत पुडी. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि एवढा खर्च करून लोकांना कोणती इलायची खायला लावतात ते शाळेतल्या पोरालाही कळतं. जाहिराती घेतानाही एखादी वगळणारी यादी ठेवता आली तर पाहा. नाही जमलं तर निदान लेख आणि जाहिरात वेगवेगळ्या रविवारी छापा.

शब्दकोड्याचं उत्तरही दोन आठवडे आलेलं नाही. आडवा १४ अजून रिकामा आहे.

आपला,
एकतीस वर्षांचा वर्गणीदार, मिरज