टोळी आणायला निघालेला टेलर कोण तपासतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर हंगामात ऊस वाहतुकीच्या टेलरना, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांना, रिफ्लेक्टर लावल्याचे फोटो पेपरात येतात. कारखान्याचं गेट, शेती अधिकारी, आरटीओचे साहेब, हातात लाल पट्ट्या. उपक्रम चांगलाच आहे. पण हे फोटो निघतात तोवर त्या टेलरचा हंगामातला सगळ्यात लांबचा प्रवास होऊन गेलेला असतो. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून ट्रॅक्टर बीडकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आणायला निघतात. मागे दोन टेलर. परत येताना त्यात कोयत्यांचे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांचे, अख्खे संसार: भांडीकुंडी, पाण्याचे बॅरल, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर लेकरंबाळं. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा 300 किलोमीटरच्या वरचा रस्ता, ट्रॅक्टरच्या चालीनं. शेतीच्या टेलरमध्ये माणसं बसवायला कायद्यानं परवानगी नाही, हे कारखान्यांना, टोळी जमवणाऱ्या मुकादमांना आणि आम्हा वाहतूकदारांनाही पक्कं ठाऊक आहे. तरी दरसाल हेच चालतं.

हा टेलर मार्च-एप्रिलपासून शेडच्या मागं उभा असतो. आपल्याकडचा पाऊस सगळा त्याच्या अंगावर. ऑइल सील जुनं असेल तर पाणी हबमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या चाकाच्या तुंब्यात, उतरतं, ग्रीस दुधासारखं पांढरं पडतं, बेअरिंगला गंज धरतो. खंडेनवमीला धुऊन-पुसून हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढायची. हार सगळ्या टेलरना मिळतो, ग्रीस एखाद्यालाच.

गेल्या हंगामात आमच्या पुढं चाललेल्या एका टेलरचं बेअरिंग नागज फाट्याच्या अलीकडं रात्री जळालं. ट्रॅक्टरच्या आवाजात ड्रायव्हरला काहीच कळलं नव्हतं. मागच्या टेलरमधल्या एका बाईला जळक्या ग्रीसचा वास आला, तिनं ताट बडवून गाडी थांबवली. हबवर पाणी टाकलं तर चर्रकन वाफ आली. उघडून बघतो तर बेअरिंगच्या रोलरचा चुरा आणि आतली कडी (रेस) आसाच्या टोकाला चिकटून बसलेली. भरलेला टेलर जॅकवर घ्यायचा म्हणजे आधी रिकामा करायला हवा. साइडपट्टीच्या मातीत जॅकच खाली जात होता, शेवटी खाली फळी घातली. रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा लाल ट्रँगल कुणाकडंच नव्हता. बाभळीची फांदी तोडून मागं टाकली, पुढं दगड मांडले, एका पोराला मोबाइलचा उजेड दाखवत उभं केलं. बायका-पोरांना बांधाच्या पलीकडं बसवलं. त्या रात्री ट्रॅव्हल्सच्या गाड्या किती जवळून गेल्या, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. बेअरिंग मिळालं ते सकाळी दुकानं उघडल्यावर.

1033 वर फोन केला तर राष्ट्रीय महामार्गावर क्रेन किंवा रुग्णवाहिका मिळते, ती सोय चांगली आहे. पण क्रेनवाल्याकडं टेलरचं बेअरिंग नसतं. आणि टोळ्या ज्या वस्त्या-तांड्यांवरून निघतात, तिथले रस्ते काही महामार्ग नव्हेत.

यातलं बरंचसं आधी कळण्यासारखं असतं. चहाला थांबलं की ड्रायव्हरनं प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघावा; आच लागली तर पुढं जाऊ नये. दोन्ही मापाची बेअरिंगं, सील, स्प्लिट पिन आणि ग्रीसचा डबा सोबत असावा. रस्त्यावरचा मिस्त्री नट जीव खाऊन आवळतो, तिथं त्याला अडवावं. नट आवळून थोडा मागं सोडायचा असतो. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण डुलता कामा नये. नाहीतर नवं बेअरिंग पुढच्या तालुक्यात जळतं. आणि काम झालं की मांडलेले दगड उचलावेत! ते तसेच टाकून निघणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पहाटे दुधाची किटली लावून येणारा मोटारसायकलवाला त्यावर पडतो.

खरं तर माणसं एसटीनं आणि सामान टेलरनं, अशीच व्यवस्था हवी. तशी ती होत नाही, कारण लाखांची उचल घेतलेली टोळी नजरेआड झाली तर पळेल, ही वाहतूकदाराची भीती. ती भीती खोटी नाही, आमच्यातले कितीतरी जण त्यात बुडालेत. पण तिची किंमत टेलरवर बसलेल्या पोरांनी का मोजावी? ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं सरकारनं ठरवलं आहे. त्यातून टोळ्यांच्या येण्या-जाण्याच्या एसटीचा खर्च भागवावा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्यातल्या कारखान्यांनी मिळून त्या दोन-तीन आठवड्यांपुरती एक दुरुस्तीची गाडी पंढरपूर-मिरज रस्त्यावर ठेवावी. वाहतुकीचे करार पावसाळ्यातच होतात, त्यात एक अट वाढवावी: हब उघडून, ग्रीस भरून शेती विभागाची सही झाल्याशिवाय टोळी आणायला डिझेल मिळणार नाही. डिझेल अडलं की वर्कशॉपच्या दारात आम्हीच रांग लावू.

आपला,
एक ऊस वाहतूकदार
हातकणंगले, जि. कोल्हापूर