निवृत्त मेट्रन मॅडमना आभाराचे जाहीर पत्र

आदरणीय मेट्रन मॅडम,

सादर प्रणाम.

आपल्या निरोप समारंभात आपल्या शिस्तीचे आणि टापटिपीचे पुष्कळ कौतुक झाले, परंतु आम्ही इन्चार्ज सिस्टर ज्या गोष्टीसाठी आपल्या सर्वाधिक ऋणी आहोत, तिचा उल्लेख राहूनच गेला. आपण आम्हाला जबाबदारीबरोबर अधिकारही दिलात. पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जबाबदारी सढळ हाताने वाटली जाते. अधिकाराच्या बाबतीत मात्र हात आखडतो.

वॉर्डाचे ड्यूटी रोस्टर आपण माझ्याकडे सोपवलेत, तेव्हा एक ज्येष्ठ सिस्टर नाइट ड्यूटीची तक्रार घेऊन थेट आपल्या केबिनमध्ये आल्या होत्या. आपण त्यांचे सगळे ऐकून घेतलेत, त्यांना चहा दिलात आणि ‘रोस्टर त्यांनी केले आहे, बदल करायचा की नाही हे त्याच ठरवतील’ असे सांगून माझ्याकडे परत पाठवलेत. आपण तेथल्या तेथे एक नाव खोडून दुसरे लिहिले असते, तर त्या दिवसानंतर वॉर्डात मला कोणी विचारले नसते. माहिती, साधने, पाठबळ आणि संधी हाती आली की कामाच्या ठिकाणी माणसाला बळ येते, असे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडले आणि कॅनडात हेदर लॅशिंजर यांनी तो विचार परिचारिकांच्या बाबतीत तपासून पाहिला, हे मला पुढे प्रशिक्षणात कळले. पाठबळाचा अर्थ तोवर आपल्या केबिनबाहेरच समजला होता.

डॉक्टरांना फोन करताना सद्यःस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी या क्रमाने बोलण्याची ‘एसबार’ पद्धत अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आली. पहिले दोन भाग आम्हाला सवयीचे होते. ‘अंदाज डॉक्टरांनी करायचा, आपण फक्त कळवायचे’ हे आमच्या अंगात इतके मुरले होते की उरलेले दोन भाग तोंडातून निघत नसत, आणि आपण ड्यूटी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी, नेमके तेच आमच्याकडून रोज वदवून घेत होतात. गणपतीच्या सुमारास डेंग्यूने वॉर्ड भरलेला असताना एका नवख्या सिस्टरने रात्री फोनवर सांगितले, ‘ताप उतरला आहे, पण बीपी १००/८२ आहे. वरच्या आणि खालच्या आकड्यांत वीसपेक्षा कमी अंतर आहे, हातपाय गार आहेत. मला हा शॉक वाटतो. आपण आत्ता येऊन पाहावे.’ शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणे; पण वरचा आकडा शंभर दिसला की पुष्कळांना हायसे वाटते. डेंग्यूत ताप उतरतानाचा काळच धोक्याचा असतो, हे त्या मुलीने ओळखले. डॉक्टर आले आणि सलाइनचे प्रमाण लगेच बदलले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत छेद देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे असे म्हटले आहे. त्या ‘प्रत्येका’त ऑपरेशन थिएटरमधले मदतनीस मामाही येतात, हा आग्रह आपला. काही सर्जन प्रथम हसले. आता तेच मामांना नावाने हाक मारतात.

एक काम मात्र अपुरे आहे. वॉर्डात किती सिस्टर हव्यात हे ठरवताना इन्चार्जचे मत अजूनही विचारले जात नाही. त्यासंबंधीच्या प्रस्तावाचा मसुदा आम्ही तयार केला असून तो आपल्याकडे पाठवीत आहोत. नेहमीप्रमाणे लाल पेनाने तपासून द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक इन्चार्ज सिस्टर, पुणे