आईला गाडी लागली नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या आईला गाडी लागते. वय 78. एसटीने जायचं म्हटलं की पदराला लिंबू, हातात कॅरीबॅग आणि आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही. दिवाळीनंतर पुण्याला बहिणीकडे नेताना तिला छत्रपती संभाजीनगरहून एसटीच्या इलेक्ट्रिक ‘शिवाई’ बसमध्ये बसवलं. डिझेलचा वास नाही, इंजिनाची थरथर नाही. नगर मागे पडलं तरी लिंबू पदराला तसंच, आणि आई खिडकीतून शेतातली ज्वारी बघतेय. आता कुठं जायचं ठरलं की तिचा पहिला प्रश्न : “ती बिनआवाजाची गाडी मिळंल का?”

इलेक्ट्रिक बसचं कौतुक करताना प्रदूषणाचं आणि डिझेल वाचल्याचं सांगतात. ते खरंच आहे. पण फलाटावर उभा माणूस तेवढ्यासाठी गाडी निवडत नाही. तो तिकीट बघतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आणि बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, या सवलती ‘शिवाई’तही चालतात. म्हणूनच आईसारख्या बाया एसी गाडीत बिनधास्त चढतात. पूर्ण तिकीट काढणारा गडी मात्र अजून लालपरीकडेच वळतो.

तिकिटाच्याही आधी येतो भरवसा. मे महिन्यात एका बसस्थानकावर मी इलेक्ट्रिक गाडीची वाट बघत होतो. दोनची गाडी, पावणेतीन झाले तरी पत्ता नाही. चौकशीच्या खिडकीत एकच उत्तर, “चार्जिंगला लावलीय.” किती वेळ लागेल, कुणाला ठाऊक नव्हतं. पत्र्याखाली घामाच्या धारा लागलेल्या. एक म्हातारं जोडपं गाठोडं उचलून समोरच्या लाल गाडीत चढलं. म्हातारबाबा म्हणाले, “ही निदान निघती तरी.” ते जोडपं पुन्हा इलेक्ट्रिक गाडीसाठी थांबेल, असं मला वाटत नाही.

‘शिवाई’ सुरू झाली तेव्हा ती एका चार्जिंगमध्ये साधारण 250 किलोमीटर जाते, असं सांगितलं होतं. आपल्याकडच्या उन्हात एसी दिवसभर लागतो, आणि तोही त्याच बॅटरीवर. लांब पल्ल्याला ही ओढाताण होणारच. एसटीने 5,150 इलेक्ट्रिक गाड्या भाडेतत्त्वावर घ्यायचा करार केला होता. त्यातल्या मराठवाड्याच्या वाट्याला येतील त्या आधी जालना–संभाजीनगरसारख्या मार्गावर लावाव्यात. जेमतेम साठ किलोमीटर अंतर, जाऊन-येऊन एकशेवीस. कॉलेजची पोरं, कामगार, दवाखान्याला जाणारे पेशंट, सगळे रोजचेच. आठ दिवस गाडी वेळेवर सुटली, तर नवव्या दिवशी हीच माणसं तिची वाट बघतील.

आणि चार्जिंगला लावलेली गाडी किती वाजता सुटेल, ते फलाटावरच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवावं, एवढी विनंती आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक प्रवासी, जालना